वीस तारीख आणि तुटणारे वायफाय

घाटकोपर असो वा मुलुंड, बोरिवली असो वा अंधेरी, उपनगरातील व्यापारी कुटुंबात महिन्याची वीस तारीख थोडी निराळीच उजाडते. पूर्वी हिशेबाच्या वह्या पेढीच्या गादीवर राहत आणि मुनीमजी त्या तेथेच उलगडून बसत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे संगणकावरूनच भरण्याची वेळ आली. दुकानात ग्राहकांची ये-जा असते, म्हणून हे काम अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर होते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ‘जीएसटीआर-३बी’ची मुदत वीस तारखेला संपते. उशीर झाला, तर साधारणपणे दर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते.

नेमक्या अशा संध्याकाळी लॅपटॉपच्या कोपऱ्यातील वायफायचे चिन्ह नाहीसे होते. दोन मिनिटांनी परत येते, पुन्हा जाते. शेजारी बसलेला मुलगा मोबाइलवरून मान वर न करता सांगतो, ‘‘माझे तर चालू आहे.’’ मग घरातील एक जण राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो, दुसरा नेटवाल्याला फोन लावतो आणि तिसरा लॅमिंग्टन रोडवरून नवा राउटर आणण्याची भाषा करतो. या तिघांपैकी एखाद्याचा उपाय लागूही पडेल. पण तो योगायोग असेल. दोष कोठे आहे हे कळण्याआधीच उपाय सुरू झालेला असतो.

ही चूक हिशेबात कोणताही व्यापारी करणार नाही. दिवसअखेर रोजमेळ जुळला नाही, तर कोणी नवी वही विकत आणत नाही. कोणत्या नोंदीत फरक पडला ते ओळीओळीने तपासले जाते. घरातील तुटणाऱ्या वायफायचा शोधही तसाच घ्यावा लागतो. त्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नाही. एक वही, घड्याळ आणि चार-पाच दिवसांचा धीर पुरेसा आहे.

तीन दुवे, तीन दोष

‘नेट गेले’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा पहिला दुवा हवेतून जातो. वायफाय म्हणतात ते एवढेच. राउटरपासून नेटवाल्याच्या केंद्रापर्यंतचा दुसरा दुवा फायबरचा किंवा तारेचा असतो. तेथून बँकेच्या किंवा कराच्या संकेतस्थळापर्यंत तिसरा दुवा जातो, आणि मुदतीच्या दिवशी त्या संकेतस्थळावरील गर्दी हेही मंद गतीचे कारण असू शकते.

हे तिन्ही वेगळे करणे अवघड नाही. जोडणी तुटताच प्रथम लॅपटॉपच्या पडद्यावरील चिन्ह पाहावे. वायफायचे चिन्ह पूर्णपणे गेले असेल, तर पहिला दुवा तुटला. चिन्ह आहे, पण त्याजागी पृथ्वीगोल दिसतो किंवा ‘नो इंटरनेट’ अशी सूचना येते, तर लॅपटॉप आणि राउटर बहुधा जोडलेले आहेत. बिघाड पुढे शोधावा. एखादेच संकेतस्थळ उघडत नाही आणि बाकी सर्व चालते, तर घरातील कोणत्याही यंत्राला हात लावण्याची गरज नाही.

दुसरी कसोटी मोबाइलची. मोबाइलमधील सिमचे डेटा बंद करून तो त्याच वायफायला जोडावा आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवावा. मुलगा ‘माझे चालू आहे’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचा मोबाइल वायफाय सोडून गुपचूप सिमवर गेलेला असतो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी तुटली, तर संशय राउटरवर किंवा बाहेरच्या जोडणीवर. मोबाइल टिकला आणि लॅपटॉप तुटला, तर लॅपटॉपवर किंवा तो ज्या लहरींवर बोलतो तिच्यावर.

तिसरी कसोटी राउटरच्या दिव्यांची. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. येथे नेटवाल्यालाच बोलवावे लागेल. सर्व दिवे एकदम विझून पुन्हा क्रमाने लागत असतील, तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू होतो आहे. बंद टीव्ही-कपाटातील उष्णता, सैल प्लग किंवा जुना झालेला अडॅप्टर ही त्याची नेहमीची कारणे. वीज क्षणभर लपकली तरी असेच होते. राउटरपुरता छोटा यूपीएस त्यावर पुरतो.

शेवटची कसोटी सर्वांत निर्णायक. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून एक संध्याकाळ काम करावे. केबलवर सर्व सुरळीत चालले, तर बाहेरची जोडणी निर्दोष ठरते आणि शोध हवेतील दुव्यापुरता उरतो. मग एक संध्याकाळ लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवावा. तेथेही तो तुटत राहिला, तर राउटरवरचा आरोप मागे घ्यावा आणि लॅपटॉपकडे वळावे.

वहीतील चार रकाने

एक प्रातिनिधिक घर डोळ्यांपुढे आणू. घाटकोपरमधील जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. राउटर मुख्य दाराच्या वर, कारण नेटवाल्याने केबल तेथूनच आत घेतली. जेवणाचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, त्यावर सूनबाईंचा लॅपटॉप. जोडणी ‘केव्हाही’ तुटते अशी घरातील प्रत्येकाची तक्रार. सासऱ्यांनी आयुष्यभर हाताने खतावणी लिहिलेली. ते विचारतात, ‘‘केव्हाही म्हणजे किती वाजता? आठ दिवस लिहून तर काढा.’’ सूनबाई म्हणतात, ‘‘बरे पप्पा, आजपासून लिहिते.’’

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, चिन्ह गेले की राहिले, त्या वेळी मोबाइलचे काय झाले, आणि घरात तेव्हा काय चालू होते. चौथा रकाना क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक वेळा उत्तर त्यातच सापडते. आठवड्याअखेर अशा वहीत दोन गोष्टी स्पष्ट दिसू शकतात. पहिली, संध्याकाळी सहाच्या आसपासची तुटतूट. त्या नोंदींपुढे लिहिलेले असते, ‘जेवण गरम करणे’. दुसरी, रात्री साडेनऊनंतरची. तेथे लिहिलेले असते, ‘टॅलीचा बॅकअप’. ‘केव्हाही’ तुटणारी जोडणी प्रत्यक्षात दोन ठरावीक वेळांना तुटत असते, आणि दोन्हींची कारणे वेगळी असतात.

सहा वाजताचे कोडे

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांतील लहरी वापरते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून तुलनेने दूर जातात. दुसऱ्याच्या अधिक वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणाऱ्या. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याविना वापरता येतो. परवाना नाही म्हणून शुल्क नाही; पण म्हणूनच त्यावर कोणाचा एकट्याचा हक्कही नाही. सार्वजनिक रस्त्याप्रमाणे तो सर्वांनी वाटून घ्यायचा.

त्या रस्त्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनही येतो. ओव्हन अन्न तापवतो तो सुमारे २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात. ओव्हनच्या दारातून झिरपणारा अंश आरोग्याला अपायकारक नसतो, पण राउटरच्या क्षीण लहरींपुढे तो मोठा गोंगाट ठरतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात सहाच्या सुमारास ओव्हन पुन्हा पुन्हा चालतो. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी आणि राउटर दूर असेल, तर नेमकी तीच वेळ जोडणी तुटण्याची ठरते. जेवणाची वेळ बदलण्याचे कारण नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला किंवा टेबल चार पावले सरकवले, की बहुधा काम होते.

शेजाऱ्यांचे राउटर हा या रस्त्यावरील दुसरा गोंगाट. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा मार्ग आहेत. त्यांना चॅनेल म्हणतात. दोन मार्गांतील अंतर ५ मेगाहर्ट्झ असले तरी प्रत्येक जोडणी किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांच्या वाटेत न येणारे मार्ग व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. एकेका मजल्यावर चार-सहा घरे असलेल्या इमारतीत वरखालचे सर्व राउटर या तीन मार्गांवर दाटी करतात. वायफायची गर्दी दाखवणारे विनाशुल्क ॲप अँड्रॉइड मोबाइलवर मिळते. त्यात सर्वांत मोकळा मार्ग पाहून राउटरमध्ये तोच निश्चित करावा. ३ किंवा ८ असा मधला मार्ग रिकामा दिसला तरी घेऊ नये. तेथे दोन्ही बाजूंची गर्दी अंगावर येते.

भिंती, कपाटे आणि टाक्या

राउटर कोठे आहे, हा प्रश्न त्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा. लोखंड आणि आरसा लहरी परतवतात. पाणी त्या शोषून घेते. सळयांचे काँक्रीट त्यांना विटेच्या भिंतीपेक्षा अधिक अडवते. उपनगरातील घरांत पोलादी कपाट, ड्रेसिंग टेबलाचा आरसा आणि माळ्यावरची पाण्याची टाकी यांची जागा सहसा बदलत नाही. बदलू शकतो तो राउटर. तो चप्पलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवावा. त्यासाठी दहा-पंधरा फूट केबल वाढवावी लागली, तरी तो खर्च नव्या राउटरपेक्षा पुष्कळ कमी असतो.

साडेनऊचे कोडे

रात्रीच्या तुटण्याचे कारण ओव्हनपेक्षा अनपेक्षित. दिवसाचे काम आटोपल्यावर हिशेबाचा बॅकअप घेण्यासाठी लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली जाते, आणि थोड्याच वेळात वायफाय डळमळू लागते. २०१२ मध्ये इंटेल या कंपनीनेच एका शोधनिबंधात दाखवले, की यूएसबी ३.० जातीच्या जोडणीतून माहिती वाहत असताना २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान विद्युत-गोंगाट निर्माण होतो. वायफायचा ॲन्टेना लॅपटॉपच्या आतच, त्या जोडणीपासून काही इंचांवर असतो. हार्ड डिस्कची केबल आणि खाच नीट झाकलेली नसेल, तर राउटरचा आवाज त्या गोंगाटात हरवतो. बॅकअपच्या वेळी वायरलेस माऊसही अडखळत असेल, तर हा संशय पक्का धरावा.

उपाय साधे आहेत. डिस्क लॅपटॉपला खेटून न ठेवता चांगल्या प्रतीच्या लांब केबलने दूर ठेवावी. दुसऱ्या बाजूची खाच वापरावी. किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. बॅकअप मात्र थांबवू नये.

अंधेरीतील एक वेगळी शक्यता

५ गिगाहर्ट्झवर गेल्याने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. या पट्ट्यातील ५२ ते १४४ क्रमांकांचे मार्ग रडारच्या वापराला लागून आहेत. म्हणून अनेक राउटर अशा मार्गावर काम करताना रडारचा कानोसा घेत राहतात. रडारसारखा संकेत ऐकू आला, की तो मार्ग तत्काळ सोडतात, आणि दुसरा तसाच मार्ग घ्यायचा तर निदान मिनिटभर ऐकून मगच बोलू लागतात. त्या मिनिटात लॅपटॉप तुटलेला दिसतो.

मुंबईकरांसाठी ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. अंधेरी-जोगेश्वरी परिसरातील वेरावली येथे भारतीय हवामान विभागाचे डॉप्लर रडार जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. ते ज्या ‘सी-बँड’ जातीचे आहे, त्या जातीची हवामान-रडारे साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. पावसाळ्यात मुंबईला ढगांची वार्ता देणारे ते यंत्र. त्याला वाट करून देणे योग्यच. त्या परिसरात ५ गिगाहर्ट्झची जोडणी कारण नसताना मिनिट-दीड मिनिट जात असेल, तर राउटरमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एखादा मार्ग निश्चित करून पाहावा.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असल्यानेही लॅपटॉप या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला जोडणी क्षणभर तुटते. दोन पट्ट्यांना दोन नावे द्यावीत आणि हिशेबाचा लॅपटॉप एकालाच बांधून ठेवावा.

लॅपटॉपच्या आत

हॉटस्पॉटवरही लॅपटॉप तुटत असेल, तर दोष त्याच्याच अंगी आहे. विंडोजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी वायफायचे यंत्र झोपवण्याची मुभा असते, आणि कधी कधी ते वेळेवर जागे होत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर जावे आणि पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करू देणारी खूण काढून टाकावी. चार्जर लावल्यावर जोडणी टिकते आणि काढल्यावर तुटते, अशी नोंद वहीत असेल, तर हा उपाय सर्वांत आधी करावा.

त्यानंतर लॅपटॉपला घरातील वायफाय विसरायला लावून पासवर्ड नव्याने द्यावा. मग ड्रायव्हर, म्हणजे वायफायचे यंत्र चालवणारी आज्ञावली, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन अद्ययावत करावी. पण तुटणे एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाले असेल, तर उलट आधीची आवृत्ती परत आणावी. अलीकडे बॅटरी किंवा मेमरी बदलण्यासाठी लॅपटॉप उघडला गेला होता का, हेही आठवून पाहावे. आतील ॲन्टेनाची बारीक तार सैल राहिली, तर राउटरच्या शेजारी बसूनही संकेत क्षीण दिसतो.

विंडोज स्वतःही एक रोजमेळ ठेवते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो डब्ल्यूएलएएनरिपोर्ट’ ही चार शब्दांची आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली, की मागील तीन दिवसांत जोडणी केव्हा जुळली, केव्हा तुटली आणि तुटण्याचे कारण काय नोंदले गेले, याचा अहवाल तयार होतो. आपल्या वहीतील वेळा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. कारागिराला दाखवण्यासही तो उपयोगी पडतो.

या सर्वांत एक नियम पाळावा: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर निदान दोन दिवस थांबणे. एकाच संध्याकाळी राउटर हलवला, मार्ग बदलला आणि ड्रायव्हरही नवा घातला, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि दोष परतला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

वीस तारखेला काय करावे

वीस तारखेला मात्र यांतील काहीही करू नये. त्या दिवशी लॅपटॉप लॅन केबलला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून विवरणपत्र पूर्ण करावे. शोध एकवीस तारखेला. विवरणपत्राचा प्रत्येक भाग भरल्यावर ‘सेव्ह’ करत जावे, म्हणजे जोडणी तुटली तरी केलेले काम टिकते.

सर्वांत नाजूक क्षण कर भरण्याचा. बँकेतून पैसे वजा झाल्याचा संदेश आला आणि त्याच क्षणी पान थिजले, तर घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. पुन्हा प्रवेश करून चलनाची स्थिती आणि इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर पाहावे. रक्कम अनेकदा तेथे जमा झालेली असते किंवा थोड्या वेळाने होते. २४ तासांनंतरही ती दिसली नाही, तर पोर्टलवर ‘जीएसटी पीएमटी-०७’ या अर्जाने तक्रार नोंदवता येते. आणि विवरणपत्र भरले गेले, हे पडद्यावरील हिरव्या संदेशाच्या आठवणीवर सोडू नये. एआरएन क्रमांक मिळाला, की तो वहीत उतरवावा.

खरेदीचा विचार या सर्वानंतर. लॅपटॉप फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच बोलू शकत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचा छोटा यूएसबी अडॅप्टर पुरतो. राउटर वारंवार स्वतःच बंद पडत असेल, तर आधी त्याचा अडॅप्टर बदलून पाहावा. बाहेरची जोडणी नेटवाल्याची असेल, तर राउटरही अनेकदा त्याचाच असतो आणि तो बदलून मिळतो. नेटवाल्याला फोन करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. ‘गेल्या आठवड्यात चार वेळा एलओएसचा दिवा लाल झाला, या तारखांना, या वेळांना’ असे वाचून दाखवावे. समोरचा मनुष्य ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणून फोन ठेवू शकत नाही.

घाटकोपरच्या त्या घरी अशा वेळी टेबल भिंतीकडे सरकलेले असेल, हार्ड डिस्क लांब केबलने दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेली असेल आणि नवा राउटर आलेलाच नसेल. वहीत पुढच्या महिन्याच्या वीस तारखेखाली एकच नोंद असेल: एआरएन क्रमांक, आणि शेजारी वेळ, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे.